दोन प्रोसेसरांचा गणपती

२ जून १९९९, रामवाडी, पेण
दोन प्रोसेसरवालं मशीन जोडलं. विंडोज ९८ ला त्यातला एकच दिसतो, आंधळं लेकाचं. लिनक्सला दोन्ही दिसतात. सासऱ्यांच्या, म्हणजे काळुराममामांच्या, गणपती कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे रोह्याजवळच्या अष्टमी गावचं मंडळ. यंदा म्हणतंय, आधी मूर्ती कशी दिसेल ते दाखवा, मगच ऑर्डर. मामांची झोप उडालीय. मी सांगितलं, २० तारखेला कॉम्प्युटरवर हुबेहूब चित्र, सावल्यांसकट.

५ जून
चित्र सुरू. वरून एकेक ओळ उमटते. मुकुटाचं टोक आलं. काम मात्र एकच प्रोसेसर करतोय. नमिता म्हणाली, आमच्या कारखान्यातही तसंच, एक माती मळतो, दुसरा तंबाखू. बायकोला टेक्निकल कोण समजावणार. दुसरा राखीव आहे.

९ जून
कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्याने बनवला. इथे दोन्ही प्रोसेसर जुंपले, अर्ध्या वेळात तयार. डोळे भरून आले. म्हणून आणखी दोनदा बनवला. दर वेळी मशीन बंद-चालू, त्यामुळे चित्र पुन्हा मुकुटापासून. किरकोळ बाब.

१३ जून
रोह्याच्या दोस्ताचा, हरेशचा फोन. तुलनेसाठी त्यालाही गणपतीची हीच फाईल दिली होती. त्याच्याकडे विंडोज, प्रोसेसर एकच. त्याचं चित्र सोंडेपर्यंत आलंय. मी विचारलं, तुझा कर्नल किती वेळात होतो? तो म्हणाला, चित्र पूर्ण झालं की पाठवू का? म्हटलं, विंडोजचा गणपती आमच्या कारखान्यात चालत नाही.

१७ जून
संकल्प: कर्नलला हात लावायचा नाही.
दुपारी: मासिकाच्या सीडीवर नवा कर्नल आला. एवढा शेवटचा बनवतो.

१९ जून
मामा आले. विचारलं, जावईबापू, सोंड कुठं हाय? स्क्रीनवर मुकुट आणि थोडं कपाळ. आल्या पावली मागे फिरले. फार वाईट वाटलं. दोष अर्थात फाईलचा.
संध्याकाळी मंडळाला दाखवायला वीतभर शाडूची मूर्ती घेऊन परत हजर. पावसानं सुकत नाय म्हणाले. मशीनवर हात ठेवला, गरम लागलं, तिथेच मूर्ती ठेवली. आणखी तापवता येतंय काय, विचारलं. म्हटलं, दोन्ही प्रोसेसर लावले तर. लावा म्हणाले. चित्र बंद केलं, कर्नल रात्रभर पुन्हा पुन्हा बनत राहील असं लावून दिलं.

२० जून
मूर्ती खडखडीत. मंडळ खूश, ऑर्डर पक्की. चित्राचं नावही कुणी काढलं नाही.
निष्कर्ष: लिनक्स सरस. विंडोजवर एकच प्रोसेसर तापला असता, गणपती ओलाच राहिला असता.
हरेशला सविस्तर ईमेल करणार होतो. पण मामांनी आणखी चार मूर्ती वाळायला पाठवल्यात आणि मला मशीनला हात लावू नका म्हणून बजावलंय. नमिताने कीबोर्ड माळ्यावर टाकला.