झिपरूच्या नावाचा दगड

सत्य

सारंगखेडे, तालुका शहादे, पश्चिम खानदेश
कार्तिक वद्य दशमी, शके १८४८

जसोदाबाई यांस झिपरू न्हाव्याचा नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही म्हणून रागावू नका. जोतीराव फुल्यांच्या मागे आमची लहानशी मंडळी इथे काम करते, तिच्यात 'सत्य' लिहून सुरुवात करायची रीत आहे. तुमच्या नावामागे 'गं. भा.'ही घातलं नाही. ते मात्र रीत म्हणून नव्हे, लिहवलं नाही म्हणून.

इकडे सर्व क्षेम. कापूस बरा आहे. दत्ताच्या जत्रेचे घोडे यायला लागलेत, आणि बाभळीखालचा माझा पाट दिवसभर रिकामा नसतो. आमची घरवाली कौसाबाई तुमची आठवण काढते.

कामाचं आधी लिहितो. मंडळीने मुलींचा वर्ग काढला आहे. सतरा मुली येतात. शिकवायला मीच. पण दाढ्या करणाऱ्या बाप्याकडे लेकी किती दिवस धाडायच्या, असं त्यांचे बाप बोलू लागलेत. पौषापर्यंत बाई मिळाली नाही तर वर्ग मोडतो. आमचे अध्यक्ष बन्सीलालशेठ यांनी विचारलं, गावात शिकलेली बाई कोण होती? मी तुमचं नाव घेतलं. मला कुणी शिकवलं तेही सांगितलं.

आठवतं ना? तुमच्या काकांचं मागलं अंगण. तुम्ही चौदा वर्षांच्या, कुंकू नुकतंच पुसलेलं, आणि दर पंधरा दिवसांनी मी वस्तरा घेऊन हजर. तुम्ही मान खाली घालून ओल्या मातीत काडीने अक्षर काढायच्या. "हाऊ 'क' शे, झिपरूभाऊ. पुढला खेपले 'ख'. ध्यानमा ठेव." तीन वर्षांत तुम्ही मला वाचायला शिकवलंत. मग मी मंडळीची पत्रकं वाचली, आणि आपल्या हातातला वस्तरा काय करतो ते मला कळलं.

यंदाच्या जत्रेत मंडळी वर्गापुढे एक दगड बसवणार होती. 'एकोणीस वर्षांपूर्वी याच जत्रेत झिपरू याने विधवेच्या डोक्याला वस्तरा न लावण्याची शपथ घेतली व ती पाळली.' पाथरवटाने नाव खोदलंही. चांगलं ठसठशीत आलं होतं, खोटं कशाला बोलू.

शपथेनंतर मी एकदा वस्तरा घेऊन तुमच्याकडे आलो होतो, हे एकट्या कौसाबाईला ठाऊक. तुमची उपासमार चालली होती, तुम्हीच निरोप धाडलात, म्हणून दया येऊन गेलो, असं मी तिला सांगितलेलं. दगडाचं ऐकून ती म्हणाली, "तिनीच निरोप धाडा व्हता ना? मंग भ्यातस कसाले? सांगी टाका मंडळीले."

तुम्ही निरोप धाडला नव्हता.

काकांनी धाडला होता. झिपरूने शपथ घेतली, आता मीही वस्तऱ्याखाली बसणार नाही, असं तुम्ही त्यांना सांगितलं होतं. नऊ दिवस त्यांनी तुम्हाला मागच्या खोलीत कोंडलं, अन्न तोडलं, तरी तुम्ही हलला नाहीत. मग ते मला म्हणाले, येत नसशील तर गावाचं बलुतं बंद करतो. मी घाबरलो. वस्तऱ्याची धोकटी काखेत मारली आणि मागच्या दाराने आलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसलात.

शपथ मी घेतली होती, जसोदाबाई. पाळली तुम्ही, आणि दोघांचीही मोडली मी. पुढच्याच आठवड्यात तुम्हाला प्रकाशे गावी मामांकडे पाठवलं. एकाच तापीच्या काठी राहून मी एकोणीस वर्षं तिकडे फिरकलो नाही. लाज वाटते हो. फार वाटते.

रविवारी मंडळीत उभा राहून हे सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बन्सीलालशेठ एवढंच म्हणाले, "दगड पालथा घाली द्या. आनि झिपरू, तिले पत्र लिख." दगडाची आता वर्गाला पायरी झाली आहे.

तुम्ही याल का? राहायला खोली मंडळी देते. केस ठेवा, न ठेवा, इथे कुणी विचारणार नाही. मी डोळ्यांसमोर नको असेन तर त्या गल्लीत पाऊल टाकणार नाही. मुली हुशार आहेत. एक तर अशी हट्टी आहे की तिला शिकवायला तुम्हीच हव्यात.

'तुमचा भाऊ' असं लिहिलं होतं. खोडलं.

झिपरू

श्री

प्रकाशे, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

झिपरूभाऊ यांस,

पत्र पोचलं. वाचलं, चूल पेटवली, मग पुन्हा वाचलं.

त्या दिवशी वस्तऱ्याचं मला दुखलं नाही. दाराशी तुमचा खोकला ऐकला, तेव्हा वाटलं होतं, भाऊ भाकरी घेऊन आला. ते दुखलं.

माफ केलं असं लिहीत नाही, कारण तसं झालेलं नाही. पण त्या सतरा मुलींनी माझं काय बिघडवलंय? मामांना सांगून झालं. ते नको म्हणाले, तेही ऐकून झालं. अष्टमीला गाडीने निघते.

तुम्ही गल्ली सोडू नका. रोज येता-जाता दिसत राहा. माझं मन वळायला किती दिवस लागतात ते तुम्हालाही कळू दे, मलाही.

तुमची, अजून रागावलेली,
जसोदा