जॅकेट निवडीच्या चाचण्या १ ते ८

सोमवार, ५ तारीख. संध्याकाळी ७.१०

१. सकाळी ११.२० ला नकाशे विभागातला उंच माणूस आमच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये आला.
२. वाऱ्याचा वेग मोजायचं त्याचं यंत्र तपासायला ठेवलं.
३. रविवारी १८ तारखेला आम्ही पाचसहा जण जंगलातून टेकडीवर चालत जातोय, येणार का तुम्ही, असं विचारलं.
४. वर वारा फार असतो, हेही सांगितलं.
५. माझ्याकडे वारा अडवणारं जॅकेट नाही, असं मी म्हणाले.
६. मग घ्या की, असं तो म्हणाला आणि गेला.

संभाषण एकूण दोन मिनिटं. त्यात विशेष काही नाही. नोंद फक्त अचूकतेसाठी.

मंगळवार, ६

निर्णय: सॉफ्टशेल, म्हणजे मऊ, ताणलं जाणाऱ्या कापडाचं वाराप्रतिबंधक जॅकेट. जंगलात आणि ऑफिसात दोन्हीकडे चालेल असं एकच. निकष नऊ. वारा अडवणं, घाम बाहेर सोडणं, हात वर केल्यावर पाठ उघडी न पडणं, वगैरे. प्रत्येकाला गुण. रंगाला शून्य.

आईचं मत: थंडी वाजते की नाही तेवढं बघ आणि घेऊन मोकळी हो. आई टेक्निकल नाही.

आठवड्यात काम संपेल.

शनिवार, १०

दुकान. सात जॅकेटं घालून पाहिली. कापडातून हवा जाते का हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे कापडाला तोंड लावून जोरात फुंकणं. पाचव्या जॅकेटला दुकानातल्या बाई म्हणाल्या, ताई, जॅकेट घ्यायचंय की फुगा फुगवायचाय? मी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी नवऱ्याला बोलावलं.

परत करण्याच्या बोलीवर तीन आणली. काळं, करडं, हिरवं. हिरवं घातल्यावर बाई म्हणाल्या, हे तुम्हाला खुलतंय हो. हे मत मोजता येत नाही, म्हणून सोडून दिलं.

रविवार, ११

रंगाला पंधरा गुण दिले. कारण सुरक्षितता. जंगलात माणूस लांबून दिसला पाहिजे. हिरवं पुढे.

सोमवार, १२

लॅबमध्ये वाऱ्याचा बोगदा आहे. म्हणजे खोलीएवढा लांब पत्र्याचा डक्ट, एका टोकाला पंखा. जेवणाच्या सुट्टीत तो रिकामाच असतो. जॅकेटात गरम पाण्याची पिशवी ठेवायची, चेन लावायची, वारा सोडायचा, वीस मिनिटांत पाणी किती निवतं ते पाहायचं.

चाचणी १, काळं: ४.१ अंश.
चाचणी २, करडं: ४.९.
चाचणी ३, हिरवं: ६.३. चेन नीट लागली नसावी.
चाचणी ४, हिरवं: ६.४. पिशवीत दोष असावा.

आई विचारत होती, पिशवी कुठे गेली, कंबर दुखतेय. उद्या आणते म्हणाले.

मंगळवार, १३

चाचण्या ५, ६, ७. सगळ्या हिरव्याच्या. सुधारणा नाही. पाणी बदलून पाहिलं.

उंच माणूस आला. येताय ना? गाडीत जागा मोजक्या आहेत, शुक्रवारी पाचपर्यंत नावं पक्की करायची आहेत, म्हणाला. निवड अंतिम टप्प्यात आहे, मी सांगितलं. माझ्याकडे एक जास्तीचं जॅकेट पडून आहे, ते घाला, म्हणाला. त्याच्या कापडातून सेकंदाला किती हवा आरपार जाते, असं मी विचारलं. त्याला आकडा माहीत नव्हता. म्हणून नाही म्हणाले.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. प्रभावित झालेला दिसला.

गुरुवार, १५

चाचणी ८. टेकडीवरचा वारा गृहीत धरून पंखा पूर्ण वेगात. आमचं मोजयंत्र दुसऱ्या कामात होतं, म्हणून उंच माणसाचं बोगद्यात लावलं.

१२.४१ ला हिरवं जॅकेट सुटलं. १२.४१ लाच पिशवी फुटली. पाणी पंख्यात, भिंतीवर आणि त्याच्या यंत्रात.

साहेब आले. पंख्याच्या जाळीला चिकटलेलं जॅकेट बघितलं, खाली पडलेली पिशवी बघितली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी हो म्हणाले. मग पुसून घ्या, साहेब म्हणाले.

यंत्राच्या कार्डावर ‘फेरतपासणी चालू’ असं लिहिलं. ते खोटं नाही.

शुक्रवार, १६. संध्याकाळी ५.४०

अकरा पानी अहवाल त्याला पाठवला. आलेखांसह. निष्कर्ष: उपलब्ध माहितीवरून एकाही जॅकेटाची शिफारस करता येत नाही. असं काम त्याच्यासाठी आजवर कोणी केलं नसेल.

५.५५. येणार की नाही, ते लिहायचं राहिलं. हरकत नाही. अहवालावरून समजेल.

रविवार, १८. सकाळी ६.३०

ते निघाले असतील. काळं जॅकेट घालून गॅलरीत उभी आहे. प्रत्यक्ष वापराची चाचणी. वारा नाही.

आईने विचारलं, कुणाची वाट बघतेयस? वाऱ्याची, म्हणाले. आईने चहा आणून दिला.

सोमवार, १९

तो आला. आठलाच ऊन तापलं, सगळ्यांनी दिवसभर जॅकेटं कमरेला बांधून मिरवली, म्हणाला. वर पान हललं नाही.

मग म्हणाला, अहवाल वाचला, पण तुमचं उत्तर काही सापडलं नाही. पान अकरा, मी म्हणाले. अकराही बघितलं, उलटंपालटं करून बघितलं, म्हणाला. सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत गाडी थांबवली होती. बाकीच्यांनी मला सोलून काढलं. ‘नाही’ एवढं जरी लिहिलं असतं तरी चाललं असतं हो.

यंत्र झालं का, विचारलं. फेरतपासणी चालू आहे, म्हणाले. बरं म्हणाला, गेला. एकूण एक मिनिट.

मंगळवार, २०. संध्याकाळी ७.०५

तिन्ही जॅकेटं परत करायला नेली. दुकानातल्या बाईंनी दोन परत घेतली. हिरवं नाही घेतलं.

त्याला पाठवलेला मजकूर, जसाच्या तसा:

तुमचं यंत्र माझ्या हातून भिजलं, बंद पडलं आहे. फेरतपासणी चालू नाही. दुरुस्त करून देते.
१८ तारखेला मला यायचं होतं. जॅकेटाचा त्याच्याशी संबंध नव्हता.
पुढच्या वेळी गाडीत माझ्यासाठी जागा असेल का? असेल किंवा नसेल, कृपया गुरुवार, २२ तारखेपर्यंत कळवा.