भाजक उजवीकडे

७ सप्टेंबर, सोमवार

समानता! सत्तावीस वर्षं गणित शिकवतोय, आणि आता मला वर्गात समानता शिकवणार! मुख्याध्यापिकाबाईंनी पत्रकच काढलंय — एकाच्या तासाला दुसऱ्याने मागे बसायचं आणि पाहायचं, सगळ्या मुलांना सारखी संधी मिळते की नाही. माझ्या वाट्याला कोण? चित्रकलेच्या बाई. मागच्या वर्षी लागलेल्या. माझ्या मुलीपेक्षाही लहान!

"सर, मी अगदी गप्प बसेन हं."

बसा की. माझ्या वर्गात दोन आणि दोन सगळ्यांसाठी चारच असतात.

जाता जाता मुख्याध्यापिकाबाईंनी आणखी एक काम गळ्यात मारलं. सहावीतल्या बारा कच्च्या मुलांची यादी, खालच्या तुकडीत धाडायला. दहा मिनिटांत लिहिली, सही ठोकली, देऊन मोकळा झालो.

८ सप्टेंबर, मंगळवार

तास संपल्यावर चित्रकलेच्या बाईंनी हातात कागद ठेवला. वर्गाचा नकाशा, सगळे बाक, आणि त्यावर लाल ठिपके.

"हे काय, वर्गाला गोवर आलाय?"

"नाही सर. तुमचे प्रश्न आहेत. ज्याला विचारलात त्याच्या जागी एक ठिपका."

तीस ठिपके. त्यातले सव्वीस डावीकडच्या पहिल्या तीन बाकांवर! बाकी कागद कोराच्या कोरा.

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ही पोट धरून हसतेय. म्हणे, "घरीसुद्धा तुम्ही ज्याचं उत्तर तुम्हाला आवडतं त्यालाच विचारता."

९ सप्टेंबर, बुधवार

युक्ती सुचली. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सगळ्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आता चिठ्ठी निघेल त्यालाच प्रश्न. समानता हवी ना? घ्या पोटभर! आठ दिवसांत वर्गाचं मातेरं होईल, मग बघू पत्रकं कोण काढतं.

१० सप्टेंबर, गुरुवार

बेत फसतोय की काय! एरवी डुलक्या घेणारे आज ताठ बसले — न जाणो, आपलीच चिठ्ठी निघायची! शंभर नंबरी मात्र (पहिल्या बाकावरचा, सगळं येणारा) तासभर हात वर करून बसला. शेवटी दुसऱ्या हाताने पहिल्याला आधार दिला.

११ सप्टेंबर, शुक्रवार

शंभर नंबरीची आई आली. "सर, माझ्या मुलाला काही विचारतच नाही तुम्ही!"

"ताई, चिठ्ठी निघाली की विचारतो."

"म्हणजे हुशारी गेली खड्ड्यात, आणि नशीब वर?"

मनात म्हटलं, अगदी हेच मुख्याध्यापिकाबाईंना जाऊन सांगा! तोंडाने म्हटलं, "शाळेचं धोरण आहे, ताई." काय मजा आली!

१४ सप्टेंबर, सोमवार

डब्यातून खिडकीजवळच्या मुलीची चिठ्ठी निघाली. गेल्या वर्षी दुसऱ्या देशातून आलेली. घरची भाषा वेगळी. वर्गात तोंडातून शब्द नाही. माझ्या यादीत पहिलं नाव तिचंच.

"सर, ती बोलत नाही," वर्ग एका सुरात.

"बोलू नको. लिही." हातात खडू दिला. तीनशे अठ्ठ्याहत्तर भागिले चौदा.

तिने भाजक उजवीकडे लिहिला! भागाकार त्याच्याखाली. मी म्हणणार होतो, चूक! तेवढ्यात ओठांतल्या ओठांत आपल्या भाषेत आकडे पुटपुटत तिने उत्तर लिहिलंसुद्धा. सत्तावीस.

बरोबर.

"अशी पद्धत कोणी शिकवली?"

बराच वेळ शब्द शोधत होती. मग म्हणाली, "तिकडे... सगळे असंच."

शंभर नंबरी उभाच राहिला. "सर, मला दाखवायला सांगा ना तिला!"

१५ सप्टेंबर, मंगळवार

तिची वही मागून घेतली. भागाकाराची एकोणीस गणितं. एकोणीस लाल फुल्या. प्रत्येकीपुढे माझं वळणदार अक्षर — 'पद्धत चूक'. उत्तरं तपासून पाहिली. सतरा बरोबर!

पान उलटवेना. मग ठिपक्यांचा तो कागद काढला आणि यादीतली नावं त्यावर शोधली. बाराच्या बारा कोऱ्या भागात. कच्ची मुलं कुठे बसतात ते मला माहीत होतं. कच्ची कशी झाली, हे कधी विचारलं नाही.

आज विनोद सुचत नाही.

१६ सप्टेंबर, बुधवार

सुचला! मुख्याध्यापिकाबाईंकडे यादी परत मागायला गेलो.

"सही तुमचीच ना? आता बदल नाही. उद्या वर जाणार."

यादी टेबलावरच होती. शेजारी माझा चहा. कप कलंडला. म्हणजे, मी कलंडवला. बाराही नावं चहात पोहायला लागली.

"मुद्दाम केलंत!"

"वयाप्रमाणे हात थरथरतो, बाई."

बाईंनी फडकं ओढलं. मग टेबल पुसत म्हणाल्या, "शुक्रवारी नवी द्या. आणि ती थरथरत्या हाताने लिहू नका."

१७ सप्टेंबर, गुरुवार

बाराही जणांना चित्रकलेच्या खोलीत बसवलं. सांगितलं, हव्या त्या पद्धतीने करा, हव्या त्या भाषेत पुटपुटा. चित्रकलेच्या बाई मदतीला. पाचांना छान येतंय! त्यातल्या एकाला तर फळाच दिसत नाही. वर्षभर तो शेजाऱ्याच्या वहीतून गणितं उतरवतोय — शेजाऱ्याच्या चुकांसकट!

सात जणांना मात्र खरंच येत नाही. कसं येणार? त्यांच्याशी मी बोललो कधी?

चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "सर, खालच्या तुकडीला सध्या गणिताला कोणी शिक्षकच टिकत नाही. माहीत आहे ना?"

माहीत होतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

यादी दिली. सात नावं मुलांची. आठवं माझं.

मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा वाचली आणि मंजूर केली. सोमवारपासून मी खालच्या तुकडीत शिकवायला. बायकोला अजून सांगायचंय!