बोकडापुढचे कोरे तांदूळ

सौंदड
४ एप्रिल २००५

चि. बुधराम यास मंगलीबाईचा सेवा-जोहार आणि आशीर्वाद. वि. वि.

आपल्या खुशबूचं लग्न ठरलं. मामाचा बोकड आधी देवापुढं, मग पंगतीत, ही रीत तुला सांगायला नको. पण तुझा दुर्गेश परवा बोलून गेला की बाबा बोकडांना कसलीशी भुकटी चारतात, त्यानं ते चकाकून राहिले. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतो आहे. बॉयलर कोंबड्यांना टोचतात म्हणे, तसलं काही नाही ना? औषधावर फुगलेलं मटण मी व्याह्यांना वाढणार नाही. खरं काय ते लिही. लहानपणी माझ्या वाटणीची चारोळी खाऊन तोंड पुसणारा तू, म्हणून विचारते.

माया आहे म्हणून शंका आहे, राग धरू नकोस.
तुझी थोरली बहीण, मंगलीबाई

प्रतापगड
९ एप्रिल

सौ. मंगलीबाईस बुधरामचा सेवा-जोहार.

पत्र वाचून आधी राग आला, मग हसू. सुई नाही, गोळी नाही. वाळवलेला लसूण, मेथी, ओवा आणि हिरड्याची पूड, एवढंच. गोंदियाला शेळीपालनाच्या शिबिरात शिकलो. कोंड्यात कालवून दिलं की खाल्लेलं अंगी लागतं. माझाही आधी विश्वास नव्हता. पण होळीला एक बोकड कापला, तर मटणाला उग्र वास नाही, चरबी बेताची आणि शिजलं कसं मऊ! तुझी भावजय बोटं चाटत होती.

तुझा बोकड मात्र लाडावला आहे, पुडीवाचून दाण्याला तोंड लावत नाही. दुर्गेशसोबत बोकड आणि पुडी दोन्ही पाठवतो. रोज चिमूटभर घालत जा.

भाचीला पापे. चारोळी विसर, भाऊ विसरू नको.
बुधराम

सौंदड
१९ एप्रिल

चि. बुधराम,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. काल देवापुढं बोकडाला उभं केलं. पूजेला बसलेल्या कवडू भुमकांनी ओंजळीत तांदूळ धरले. बोकडानं हुंगले आणि मान फिरवली. तीनदा! आपल्यात बोकडानं दाणे खाल्ले तरच देवाचा होकार, आणि वरपक्ष समोर बसलेला. मुलाची आई स्पष्टच बोलली की देवालेच ही पोरगी नको, तर आमी कायले न्यावं. सोमवारी पुन्हा दाणे धरायचे आहेत. तेव्हाही नाही खाल्ले तर लग्न मोडलं. खुशबू जेवत नाही.

तुझी पुडी मी आल्या दिवशीच उकिरड्यावर फेकली. मला भरवसा नव्हता, आताही नाही. बोकड पाला तेवढा खातो. काय करून ठेवलंस रे त्याला?

दुर्गेशच्या हाती उत्तर धाड.
मंगली

प्रतापगड
२० एप्रिल

बाई, सेवा-जोहार.

लिहिलेलं नीट वाचत का नाहीस? पुडीच्या वासावर वाढलेलं जनावर कोरे तांदूळ कसे खाईल? देव रागावला नाही, बोकडाची सवय आडवी आली. दुसरी पुडी पाठवली आहे. सोमवारी तांदळात चिमूटभर मिसळ. कवडूकाकांना सांगायचं की नाही, ते तूच ठरव. मला तर दोन्हीची भीती वाटते.

पोरीला जेवायला लाव. भावाला शिव्या नंतर दे.
बुधराम

सौंदड
६ मे

चि. बुधराम यास पोटभर आशीर्वाद.

बोकडानं ओंजळ चाटूनपुसून खाल्ली. लग्न पार पडलं. व्याही दोनदा मटण मागून जेवले, वास नाही म्हणाले, कोणता मसाला घातला म्हणून विचारत होते. तुझ्या पुडीवर मी उगाच संशय घेतला, ते मागे घेते.

कवडूकाकांना मी सांगितलं नाही. तांदूळ मीच त्यांच्या हातात दिले होते. उठताना त्यांनी स्वतःचा तळहात नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि हात धुऊन जेवायला बसले.

खुशबू सासरी गेली. सुखी आहे, असा निरोप आला. पण तिच्या सासूनं भांडं जोरात आपटलं एवढं कळलं, तरी मी उठून देवापुढं दिवा लावते. आधी मी तुझ्यावर संशय घेत होते, ते बरं होतं रे. देवानं खरंच होकार दिला की मी तो काढून घेतला, हे आता विचारायला माझ्याकडे बोकडही नाही.

येशील तेव्हा पुडी आणू नकोस, तू ये.
तुझी बाई