तक्त्यातलं एक शून्य

प्रिय पेंगू,

या नावाने तुला आता कुणी हाक मारतं का रे? मीटिंगमध्ये डुलक्या काढणाऱ्या माणसाकडेच साहेबांनी प्रोसेसर झोपवायचं काम दिलं, म्हणून आपण पोट धरधरून हसलो होतो. ऑफिस आता चौथ्या मजल्यावर गेलंय आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंदच. जिने चढून खुर्चीत टेकेपर्यंतच दिवस संपल्यासारखा वाटतो. चष्म्याचा नंबर वाढलाय, कंटाळा त्याहून जास्त.

काम मात्र तेच. प्रोसेसरच्या हाताला क्षणभर काम नसलं, की आपल्या कर्नलने, यंत्र चालवणाऱ्या त्या मूळ प्रोग्रामने, ठरवायचं, त्याला नुसता डोळा मिटू द्यायचा की गाढ झोपवायचं. गाढ झोपेत बॅटरी वाचते, पण जागं व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात काम दारात येऊन उभं राहिलं तर सगळाच खोळंबा. पुढची उसंत किती मिळेल याचा अंदाज बांधणारा तुझा कोड इतका नेटका होता, की तो तपासताना मी मनातून जळलो होतो. हे तुला कधी बोललो नाही.

मग आपला कोड बसवलेल्या दवाखान्यातल्या त्या यंत्रांची तक्रार आली. रुग्णाच्या उशाशी असलेल्या पडद्यावरचे आकडे मध्येच थिजायचे. कुणाला इजा झाली नाही, पण तिथल्या नर्स रडकुंडीला आल्या होत्या. तुझाच अंदाज चुकतोय, असं सगळे धरून चालले. तीन आठवडे तू डबासुद्धा न उघडता शोधत बसलास. "माझं गणित बरोबर आहे रे, कुठूनतरी आकडाच खोटा येतोय," हे तू मलाच म्हणालास. साहेबांनी सगळ्यांदेखत तुझा कोड काढून टाकायला लावला आणि महिन्याभरात तू राजीनामा दिलास. तुझ्या निरोपाला मी नव्हतो. ताप आलाय म्हणून कळवलं होतं. ताप नव्हता.

गेल्या मंगळवारी एक जुनी फाइल साफ करायला घेतली. कुठल्या झोपेतून उठायला किती वेळ लागतो, त्याचा तक्ता. तो मी भरला होता. सगळ्यात गाढ झोपेपुढच्या आकड्यात एक शून्य कमी आहे. तुझ्या कोडला वाटायचं, प्रोसेसर हाक मारताच उठेल; तो उठायचा उशिरा आणि तोवर पडदा थिजायचा. तुझा कोड गेल्यावर ती झोप कुणी वापरलीच नाही, म्हणून चूक झाकून राहिली.

मंगळवारी सापडलं, एवढंच लिहून मी मोकळा होणार होतो. पण ते खरं नाही. तू शोधत होतास तेव्हाच मी तो तक्ता उघडला होता, ती ओळ पाहिली होती आणि फाइल मिटली होती. त्याच महिन्यात बढतीची यादी लागायची होती. माझं नाव लागलं. त्यानंतरची सहा वर्षं मी फार दमलोय.

काल दुरुस्ती पाठवली. सोबतच्या टिपेत हे सगळं माझ्या नावानिशी लिहिलं आणि तुझा कोड तुझ्या नावाने परत जोडला. उद्या साहेबांनी बोलावलंय, काय व्हायचं ते होईल. ती टीप कुणीतरी तुला दाखवेलच; त्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू गेल्यावर एकदा वहिनींचा फोन आला होता. "भावजी, तुम्ही तरी सांगा, खरंच यांची चूक होती का?" मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. त्यांना सांग, नव्हती.

तुझाच,
शेजारच्या खुर्चीतला