नदीपलीकडे थकलेले इलेक्ट्रॉन

नुमाझू,
१४ मे १९८३

चि. मित्सुए हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, तू शाळेत पदार्थविज्ञान शिकवतेस आणि आपल्या घराण्यात माझं म्हणणं समजेल असं दुसरं कुणी नाही. चिझुरूला काही सांगायला जावं तर ती मान डोलावते आणि मुळ्याचं लोणचं चिरत राहते. माझी लेक असून ही तऱ्हा. जावई तर मी तोंड उघडलं की बागेत पळतात.

माझा सिद्धांत तुला ठाऊकच आहे. इलेक्ट्रॉनवर विद्युतभार वगैरे काही नसतो. तो एक इवलासा भोवरा असतो आणि भोवतालच्या जमिनीतून दम घेतो. दम चांगला, तर जोर चांगला. आता पुरावाही मिळाला! हामामात्सुच्या घरी पट्टा घासून वीज काढणारं माझं यंत्र सुरू केलं की टांगलेले दोन चेंडू एकमेकांपासून सहा बोटं दूर सरकायचे. इथे लेकीकडे राहायला आल्यापासून पाचही भरत नाहीत. चेंडू तेच, दोरा तोच, यंत्र तेच. शिवाय मोटरचा आणि पट्ट्याचा आवाजसुद्धा खाली उतरलाय. जन्मभर पियानो जुळवलेत मी, हा कान चुकत नाही. फुजी नदीच्या या बाजूला इलेक्ट्रॉनच थकलेले आहेत.

म्हणून डॉक्टरांना नकार कळवलाय. हृदयाला ठोके देणारं यंत्र छातीत बसवायचं म्हणतात. पण इथली वीजच दमलेली, ते ऐन वेळी कमी पडलं तर? त्यापेक्षा माझं अडखळतं हृदय परवडलं. तू फक्त दोन ओळी लिही की मामा बरोबर आहेत, म्हणजे चिझुरूची भुणभुण थांबेल. नव्या चहाचा पुडा वेगळा पाठवलाय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा शिगेयोशी मामा


नागोया,
१८ मे

ती. मामांना मित्सुएचा सा. न. वि. वि.

चहा पोचला. तुमचं पत्र वाचता वाचता कपातला गार झाला. रागवा हवं तर, पण त्या दोन ओळी मी लिहिणार नाही. गेल्या महिन्यात तुम्ही न्हाणीघरात चक्कर येऊन पडलात, हे चिझुरूताईनं मला फोनवर सांगितलंय. तुमच्या पत्रात ते कुठेच कसं नाही? मला फार धास्ती वाटते, मामा.

आता सिद्धांताकडे वळते. चेंडू तेच, दोरा तोच, पण भिंतीतली वीज? नदीच्या पश्चिमेला ती सेकंदाला साठ हेलकावे घेते, पूर्वेला पन्नास. घर बदलताना ताईनं तुमचं धुलाई यंत्र आणि विजेचं घड्याळ याच कारणासाठी मागे ठेवायला लावलं, तेव्हा तुम्ही केवढे चिडला होतात! तुमच्या यंत्राची मोटरही हामामात्सुचीच ना? ते घरगुती सामान नसून विज्ञान आहे, म्हणून सुटलं वाटतं. हेलकावे कमी, म्हणून मोटर हळू, म्हणून पट्टा हळू, म्हणून चेंडूंवर भार कमी. तुमच्या कानानं खरं तेच सांगितलं, अर्थ तुम्ही भलताच लावलात. आवाज पियानोवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या उतरला असणार. बघा बरं आठवून.

चूक माझीही असू शकते, तेव्हा करून बघा. कोरड्या हवेचा दिवस निवडा. मोटर काढून चाकाला हातानं फिरवायचा दांडा लावा. तुम्ही फिरवायचं नाही, भावोजींना फिरवू द्या. हामामात्सुला पट्टा ज्या स्वरात गुणगुणायचा, त्या स्वराला पोचेपर्यंत वेग वाढवा. इलेक्ट्रॉन थकलेले असतील तर चेंडू जवळच राहतील आणि मी तुमचा सिद्धांत वर्गात फळ्यावर लिहीन. सहा बोटं सरकले, तर तुम्ही मुकाट्यानं इस्पितळात जायचं. ते छातीतलं यंत्र तसंही स्वतःच्या बॅटरीवर चालतं. आपण नदीच्या कुठल्या बाजूला आहोत, हे त्याच्या गावीही नसतं.

राग ओसरला की उत्तर धाडावे, माया मात्र त्याआधीच.
तुमची मित्सुए


नुमाझू,
२४ मे

चि. मित्सुए,

आज सकाळी बाबांनी ह्यांना चाक फिरवायला बसवलं आणि स्वतः डोळे मिटून कान लावून बसले. अजून जोरात, अजून जोरात, असं ह्यांना घाम फुटेपर्यंत चाललं. मग म्हणाले, हाच स्वर, आता धरून ठेवा. डोळे उघडून चेंडूंकडे पाहिलं, बोटं लावून मोजलं आणि चपला घालून एकटेच समुद्राकडे निघून गेले. जेवण तसंच पडलंय. ह्यांना विचारावं तर म्हणे डोळ्यांत घाम गेला, काही दिसलंच नाही! तू असं काय लिहिलं होतंस गं? माझा जीव टांगणीला लागलाय.

चिझुरूताई


नुमाझू, इस्पितळातून,
९ जून

चि. मित्सुए हिस,

उताणं पडून लिहितोय, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. आशीर्वाद सरळ आहेत.

सहा बोटं. पूर्ण. आणि आवाज तीनच पट्ट्या उतरला होता. न ऐकता तू हे ओळखलंस, याचाच मला आधी राग आला. किनाऱ्यावर पाइनच्या झाडांखाली बसून तुला मनातल्या मनात बरंच सुनावून घेतलं. एवढा मोठा पुरावा जावयानं दांडा फिरवून मोडला, हे पचायला संध्याकाळ झाली. मग जाणवलं, मन हलकं झालंय. इतके दिवस मी त्या यंत्राला भीत होतो आणि भीतीला पुरावा म्हणत होतो. घरी आलो, गार भातावर गरम चहा ओतून खाल्ला आणि चिझुरूला म्हटलं, डॉक्टरांना कळव. ती तिथेच चुलीपाशी रडायला लागली. जावई तेवढ्यात बागेत.

ठोका आता नेटका पडतोय. ताल उत्तम आहे, परिचारिकांनाही माझं ऐकवून झालं.

एक मात्र सांगतो. आजवर सगळे माझ्यापुढे मान डोलवत आले. त्यात प्रेम होतं, पण लहान मुलाला खेळवावं तसलं. तू मला शंका विचारलीस, म्हणजे मला उत्तर पेलेल असं धरून चाललीस. त्याचं मला फार बरं वाटलं, पोरी.

बाकी भोवरा अजून हरलेला नाही हं. मेला तो फक्त पुरावा. सुट्टी लागली की ये आणि समोर बसून उरलेल्या शंका काढ. सावकाश काढ, घाई नाही. आता मी आहे.

शंका आणि माया, दोन्हींचा ओघ असाच राहू दे.
तुझा शिगेयोशी मामा