काढायचा राहिलेला फिल्टर

प्रिय छकुले,

दादाचं पत्र बघून दचकली असशील. फोनवर बोलता येण्यासारखं हे नाही. मी तीनदा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला.

कॅमेऱ्याचं दुकान ठीक चाललंय. फिल्टर घ्यायला येणाऱ्यांना मी अजून तसंच शहाणपण शिकवतो: नुसती लेन्सची काच जपायची तर साधा पारदर्शक घ्या, पाण्यावरची किंवा खिडकीवरची चमक मारायची तर काळसर पोलरायझर घ्या, पण तो उजेड खातो, आत आलात की आठवणीने काढा. हे शेवटचं वाक्य बोलताना हल्ली माझी जीभ अडखळते.

बाबांचा निवृत्तीचा दिवस आठव. त्यांच्या ऑफिसच्या काचेच्या दारासमोर सगळ्यांचा फोटो काढायचा म्हणून तुझ्या लेन्सवर पोलरायझर मीच चढवला होता. मग सगळे आत हॉलमध्ये गेले. तू विचारलंस, "दादा, हा काढू का?" चार लोक ऐकत होते, आणि मी तज्ज्ञ! "राहू दे, मी विचार करूनच निवडलाय," म्हणालो. त्या अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेऱ्याला उजेड पुरेना, शटर रेंगाळलं आणि बाबांचं भाषण, हार, डोळे पुसणं, सगळं हललेलं, पुसट आलं. प्रिंट हातात घेताक्षणी मला कळलं होतं. तरी सगळ्यांदेखत तोंड वर करून म्हणालो, "हिचा हात थरथरतो." बाबा हसले, सगळे हसले. तू कॅमेरा कपाटात ठेवलास आणि मी मूग गिळून बसलो. एकोणीस वर्षं! लाज वाटते गं, फार लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तुझी लेक दुकानात आली होती. स्वतःच्या कमाईतून लेन्स घेतलीय, फिल्टर निवडायचाय म्हणाली. मी तिच्यापुढे तीन ठेवले, एकेक लावून बघ म्हटलं. ती हात मागे घेऊन म्हणाली, "मामा, तुम्हीच लावा. आईसारखा माझाही हात थरथरतो." तिचा हात अगदी स्थिर होता. मला तिच्याकडे बघवेना. मी तुझ्यावर ठपका सगळ्यांसमोर ठेवला होता, तेव्हा हे पत्र एकटीने वाचून ठेवून देऊ नकोस. तिला समोर बसव आणि मोठ्याने वाच. तुझा हात त्या दिवशी थरथरला नव्हता, छकुले. मी खोटं बोललो.

तुझाच, तोंड लपवणारा
दादा